बांधावरचं ढेकूळ

पुण्यात माती विकत घ्यावी लागते, याचं आता कुणाला काही वाटत नाही. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे निघालं की सोरतापवाडीच्या आसपास रोपवाटिकांची रांग लागते आणि रोपांच्या मागे मातीच्या पोत्यांची थप्पी दिसते. लाल माती वेगळी, पोयटा वेगळा, कोकोपीट घातलेलं तयार मिश्रण आणखी वेगळं. आपण पोतं डिकीत टाकतो, बाल्कनीतल्या कुंड्या भरतो, वर्षभराने कुंडीतली माती टणक होऊन पाणी कडेकडेने वाहून जायला लागलं की पुन्हा नर्सरीत जाऊन उभे राहतो. नर्सरीवाला म्हणतो, "मॅडम, मातीत दम राहिला नाही, बदलून टाका." त्याला नवीन पोतं खपवायचं असतं हे उघड आहे, पण निदान त्याचं अगदी बरोबर असतं.

आपल्याकडची माती मुळात बेसाल्टची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजून खडक झाला, खडकाचा मुरूम झाला, मुरमाची माती. पोत्यात भरून मिळतो तो मुख्यतः हा भाग, म्हणजे खडकाचा चुरा. त्यात जे राहतं आणि राबतं ते मोजायला गेलं तर आकडे आवरत नाहीत. ग्रॅमभर चांगल्या मातीत दहा कोटींपासून अब्जापर्यंत जिवाणू असतात, शिवाय बुरशीचे मीटरच्या मीटर धागे, आदिजीव, सूत्रकृमी. 2023 मध्ये काही संशोधकांनी हिशेब मांडला की पृथ्वीवरच्या एकूण प्रजातींपैकी साधारण 59 टक्के मातीत राहतात. हा अंदाज आहे, पुढे बदलेलही. पण या सगळ्या खटल्याला रोज खायला लागतं, आणि ते मिळेनासं झालं की मातीचा पुन्हा नुसता चुरा होतो, हे काही बदलणार नाही. माझं मातीबद्दलचं सगळं कुतूहल शेवटी एवढ्या एका प्रश्नापाशी येऊन थांबतं: हिला जेवू कोण घालतंय?

एप्रिल-मेमध्ये वळवाची पहिली सर येते तेव्हा कोथरूडपासून कोंढव्यापर्यंत सगळे एकाच वेळी 'काय वास सुटलाय' म्हणतात. त्या वासातला मोठा भाग जिओस्मिन नावाच्या रसायनाचा, आणि ते बनवणारे मुख्यतः स्ट्रेप्टोमायसीस कुळातले जिवाणू. आपलं नाक या वासाला कमालीचं तिखट आहे. पाण्याच्या एक लाख कोटी थेंबांत याचे पाच-दहा थेंब असले तरी कळतात. बीट ज्यांना मातकट लागतं त्यांचं चुकत नाही, बिटातही जिओस्मिनच असतं. हा वास जिवाणूंनी काढावा कशासाठी, याचं एक उत्तर 2020 मध्ये पुढे आलं. स्प्रिंगटेल नावाचे मातीत टुणटुण उडणारे बारीक जीव त्या वासाने ओढले जातात, जिवाणूंवर ताव मारतात आणि अंगाला चिकटलेले, पोटातून सहीसलामत बाहेर पडलेले बीजाणू दूरवर पेरत हिंडतात. कवी मंडळींनी ज्यावर इतकं लिहिलं, ते मुळात एका किड्यासाठी केलेलं बोलावणं निघालं.

याच कुळाशी पुण्याचं जुनं नातं आहे. माझे मामा पिंपरीला एचए कंपनीत होते. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स असं पूर्ण नाव क्वचितच कुणी घ्यायचं. एचए म्हटलं की झालं. 1954 साली स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्यात आधी पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन बनायला लागलं. पेनिसिलिन बुरशीचं. स्ट्रेप्टोमायसिन मात्र थेट मातीतल्या जिवाणूचं: 1943 मध्ये अमेरिकेत रटगर्सच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून तो जिवाणू वेगळा केला. क्षयावर पहिलं गुणकारी औषध मिळालं ते असं. 1952 चं नोबेल मात्र त्याचे गुरू सेलमन वाक्समन यांना एकट्यांना मिळालं. शॅट्झला सहसंशोधक म्हणवून घेण्यासाठी त्याआधी कोर्टाची पायरी चढावी लागली होती. पिंपरीच्या शास्त्रज्ञांनीही साठच्या दशकात मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसीसपासून बुरशीवरचं औषध शोधलं. औषधाचं नाव हमायसिन, त्यातला 'ह' आणि 'अ' कंपनीचे. आणि जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचं नाव लॅटिन थाटात एका जिवाणूला चिकटलेलं आहे, हे पिंपरीत राहणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

जिवाणू जपून ठेवायच्या बाबतीतही हे शहर श्रीमंत आहे. पाषाणला एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, त्याच बाजूला सूस रस्त्यावर सूक्ष्मजीवांचं राष्ट्रीय केंद्र, आणि लॉ कॉलेजच्या परिसरात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा संग्रह. शेंगदाणे आणायला निघावं इतक्या अंतरावर हजारो प्रकारचे जीव थंडगार नळ्यांमध्ये झोपलेले आहेत. तरी मातीतले बहुसंख्य जीव प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत. शंभरातला एखादा वाढतो असं सर्रास सांगितलं जातं. बाकीच्यांची ओळख नुसत्या डीएनएवरून. पुण्यातल्याच कुठल्या सोसायटीच्या मागच्या अंगणात उद्याचं एखादं औषध पेव्हर ब्लॉकखाली दबून पडलेलं असू शकतं. पेव्हर ब्लॉकचा विषय निघालाच आहे तर त्यावर नंतर येते.

आधी तात्यांच्या रानात. तात्या माझे चुलत चुलते, सासवडच्या पुढे त्यांची थोडी जमीन आहे. पुरंदरचा वाटाणा पुण्याच्या बाजारात नाव राखून आहे, तो तेही करतात. उन्हाळ्यात नांगरून ठेवलेलं रान बघून मी एकदा म्हटलं, किती उघडं-बोडकं दिसतं हो. तात्या म्हणाले, "तापू दे की. रान तापलं की पीक चढतं."

यात तथ्य आहे, आणि ते निव्वळ किडींची अंडी, तणाच्या गाठी मरतात एवढंच नाही. 1958 मध्ये केनियात काम करणाऱ्या बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने नोंदवलं की रखरखीत वाळलेल्या मातीवर पाणी पडलं की तिच्यातून कर्बवायूचा एकदम लोट निघतो आणि पिकाला घेता येईल असं नत्रही मोकळं होतं. कोरड्या दिवसांत असंख्य जिवाणू मेलेले असतात. जे तगलेले असतात त्यांनी पेशीतलं पाणी टिकवायला काही पदार्थ साठवलेले असतात. पाणी येताच हे सगळं मोकळं होतं, वाचलेल्यांची मेजवानी सुरू होते. मृगावर पेरलेल्या पिकाला पहिल्या पंधरवड्यात जी तरतरी दिसते तिच्यात या मेजवानीचा वाटा असतो. पण हा खर्च शिलकीतून झालेला. दर वर्षी रान तापवायचं, भिजवायचं, पीक घ्यायचं आणि धसकट-काडीकचरा पेटवून द्यायचा, असं चाललं तर सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत साठलेला कर्ब, खाली खाली जातो. आपल्याकडे माती परीक्षणाच्या अहवालात तो अर्ध्या टक्क्याच्या खाली निघणं नेहमीचं झालंय.

तात्यांना अहवालातले आकडे पटत नाहीत. म्हणाले, कागदाला काय कळतंय. मग आम्ही काचेचे दोन ग्लास घेतले. एकात त्यांच्या रानातलं लिंबाएवढं वाळलेलं ढेकूळ, दुसऱ्यात बांधावरचं, जिथे वर्षानुवर्षं मारवेल गवत वाढतं आणि नांगर कधी लागत नाही. दोन्ही ढेकळं अलगद पाण्यात सोडली. रानातल्या ढेकळातून आधी बारीक बुडबुड्यांची माळ निघाली, मग त्याची कड सुटली, पापुद्रे पडले आणि चहा निवायच्या आत ग्लासाच्या तळाशी चिखलाचा थर उरला. वरचं पाणी गढूळ. बांधावरचं ढेकूळ तसंच बसून राहिलं. त्यातूनही बुडबुडे आले, पण पाणी एवढं नितळ की पलीकडची तात्यांची बोटं दिसत होती. बाहेर काढून मोडलं तर आत मुळांचे केसासारखे तंतू, आणि मातीचे मुगाएवढे दाणे एकेक सुटे, तरी एकमेकांना धरून. राजगिऱ्याच्या लाडवात पाक जे काम करतो ते इथे जिवाणूंनी सोडलेला चिकट पदार्थ आणि बुरशीचे धागे करतात. दाण्यांमधल्या फटींतून पाणी खाली मुरतं, हवा आत जाते. हा पाक पुरा वर्षभरही टिकत नाही. खाणारे तोही खातात. म्हणून तो सतत नव्याने बनत राहावा लागतो, आणि बनवणाऱ्यांना सतत काहीतरी कुजकं मिळावं लागतं. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला लाल-काळं पाणी येतं ते अशा पाक सुटलेल्या रानांचं.

तात्या बराच वेळ ग्लासाकडे बघत होते. "बांधाला आपण काय घालतो?" त्यांनी विचारलं. काहीच नाही. फक्त त्याचं काही नेत नाही.

वाटाण्याच्या बाबतीत मात्र त्यांना शिकवायची सोय नाही. झाड उपटताना ते कधी ओढत नाहीत. खुरप्याने ढेकळासकट उचलतात आणि पाण्याच्या पाटात हळूच खळबळून घेतात. मुळांवर बाजरीएवढ्या, काही ज्वारीएवढ्या गाठी. एक गाठ नखाने फोडून त्यांनी माझ्यापुढे धरली. आत कच्च्या मांसासारखा गुलाबी रंग, नखाला लागलेला ओशट थेंबही गुलाबी. "अशी असली की चालू. हिरवी, राखाडी निघाली की बंद." हा गुलाबीपणा आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. गाठीत राहणाऱ्या ऱ्हायझोबियम जिवाणूंचं हवेतलं नत्र पकडणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजन लागला की बाद होतं, पण जिवाणूंना श्वासाला तर ऑक्सिजन हवा. म्हणून झाड हे लाल प्रथिन बनवून ऑक्सिजन मोजून-मापून पुरवतं. हवेतल्या नत्राची जोडी फोडायला खत कारखान्यात चार-पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दोनशेपट दाब वापरतात. तात्यांच्या पाटाच्या कडेला ते काम थंडीच्या दिवसांत, चिखलात चालू होतं.

फुकट काही नाही. झाड गाठीला साखर देतं तेव्हा गाठ नत्र देते, आणि आयता युरिया भरपूर मिळाला की झाड गाठी बांधायच्या भानगडीतच पडत नाही. हे भाडेकरूही चोखंदळ असतात. वाटाण्याचा जिवाणू सोयाबीनच्या मुळाला चालत नाही. म्हणून शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात किंवा कृषी सेवा केंद्रात जिवाणू खताचं पाकीट घेताना पिकाचं नाव सांगावं लागतं: साधारण दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून, बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरायचं. उन्हात ठेवलेलं पाकीट म्हणजे पैसे देऊन घेतलेली राख. किती दुकानांत ती पाकिटं पत्र्याखाली मे महिना काढतात ते मी पाहिलंय, त्यामुळे 'जिवाणू खताने काही फरक पडला नाही' म्हणणाऱ्या शेतकऱ्याशी मी वाद घालत नाही.

युरियाला सरसकट शिव्या घालायचीही एक पद्धत पडली आहे, तिच्यात मी नाही. दौंड-बारामतीकडे ऊस तुटला की मागे उरलेलं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवतात. ते न जाळता सरीत कुजवा, अशी शिफारस वर्षानुवर्षं होत आलीय, आणि त्या शिफारशीत टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू असं प्रमाण असतं. पाचटात कर्ब उदंड, नत्र नाममात्र. नुसतं पाचट पुढ्यात आलं तर जिवाणू अंग वाढवायला लागणारं नत्र मातीतून ओढतात आणि खोडवा, म्हणजे तुटल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, पिवळा पडतो. जेवण संतुलित लागतं, खाणारा कितीही बारीक असो.

उलट बाजूचा अतिरेक आहे तो 'झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात' या फॉरवर्डचा. मुळं आणि बुरशी यांची सोयरीक खरी आहे. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाची महागडी भूछत्रं पिकवायची होती, त्या खटपटीत आल्बर्ट फ्रँक यांनी 1885 मध्ये तिला मायकोरायझा हे नाव दिलं. दहापैकी सात-आठ वनस्पतींच्या मुळांत ही बुरशी असते. कोबी, मोहरी, मुळा हे सोवळे. मूळ जिथे पोचत नाही तिथले स्फुरद (फॉस्फरस) बुरशीचे धागे आणून देतात, आणि झाड आपण बनवलेल्या अन्नातला चार ते वीस टक्के भाग त्यांना मोजतं. एवढं अचंबित व्हायला पुरेसं आहे. पण आई-झाड पिल्लांना ओळखून धागे-धाग्यांतून खाऊ पाठवतं, या गोष्टीचे जंगलातले पुरावे तपासणाऱ्यांनी 2023 मध्ये स्पष्ट लिहिलं की ते फार तुटपुंजे आहेत. गोष्ट गोड आहे म्हणून माझ्या ओळखीच्या कुणालाही ते ऐकायचं नसतं.

मातीतले जिवाणू वाढावेत म्हणून शेतात ओततात त्या जीवामृताचंही तसंच थोडं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. यातली ती मूठभर माती मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते, विरजण कुठून घ्यायचं ते ज्याने ठरवलं त्याने बांध नीट पाहिलेला होता. पण मातीत खायलाच काही नसेल तर पिंपभर विरजण ओतूनही पाहुणे चार दिवसांत उपाशी मरतात. ड्रमचे फोटो सगळे टाकतात, आच्छादनाचे कुणी टाकत नाही.

आता टेकड्या. वेताळ टेकडीवर सकाळी फिरणाऱ्यांना गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची झाडी ओळखीची आहे. मध्य अमेरिकेतून आलेलं हे शेंगवर्गीय झाड, मुळांवर त्याच्याही गाठी, म्हणून उघड्या मुरमावरही तगतं. लावणाऱ्यांना हिरवळ हवी होती, ती मिळाली. पण टेकडीवरचं मूळचं वैभव होतं गवताचं, आणि गवताच्या मुळांशी रमणारी मातीतली वस्ती वेगळी, गिरिपुष्पाच्या नत्रयुक्त पाल्याखालची वेगळी. वर काय लावलं यावर खाली कोण राहणार ते ठरतं. दर जुलैत खड्डे खणून रोपं लावणाऱ्या उत्साही मंडळींना मी हे सांगून पाहते. ते मला पाण्याचा कॅन उचलायला लावतात.

आमच्या सोसायटीत मात्र मुद्दा टेकडीइतका उदात्त नाही. पेल्टोफोरम, बदाम, एक जुना कडुनिंब. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानांचा सडा. सफाईच्या मावशी पहाटे तो झाडून एका कोपऱ्यात पेटवायच्या. बंदी आहे, दंड आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि ज्यांना माहीत होतं त्यांना धूर चालत होता. शहरात सुकी पानं मागणाऱ्या-देणाऱ्यांची जोडणी करणारे ब्राउन लीफसारखे उपक्रम चालतात हे कळल्यावर मी आधी पोती बाहेर द्यायला लागले, मग आम्ही कुंपणाची जाळी गोल वळवून आपलाच पिंजरा केला. पानं, वरून स्वयंपाकघरातला ओला कचरा, आंबट ताक. आठवड्याभरात आत हात घालवेना इतकी ऊब. असा ढीग साठ अंशांपर्यंत तापतो. ऊब ओसरली की पांढुरके, राखेसारखे तंतू दिसायला लागतात, आणि वळवाचा तोच वास येतो. मावशींना तो पिंजरा आवडला, कारण पोती उचलायचा त्रास वाचला. "म्याडम, हे बरं हाय, डोळं चुरचुरत न्हाईत," म्हणाल्या.

खत झालं, पण घालायचं कुठे? कारण अंगणभर पेव्हर ब्लॉक. झाडांच्या बुंध्याला अगदी गळ्याशी येऊन भिडलेले. खाली कच, त्याखाली रोलरने दाबलेला मुरूम, त्याखाली कधीकाळची काळी माती. तिच्यात वरून पान जात नाही, पाणी जात नाही, हवा जात नाही.

वार्षिक सभेत मी झाडांभोवतीचे ब्लॉक काढायचा ठराव मांडला. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, पर्यावरण ठीक आहे, पण पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या?" एक आजोबा म्हणाले, चिखल होईल. दुसरे म्हणाले, मुळं टाकीत शिरतील. गांडूळखतावर मिळकतकरात सवलत मिळते हा माझा हुकमी एक्का होता, तर कळलं की ती आमची सोसायटी आधीच घेते. एक खड्डा कागदावर आहे आणि प्रत्यक्षात त्यात जुन्या फरश्या आहेत. शेवटी कंपाउंडच्या कडेची पेल्टोफोरमची रांग मोकळी करायला सगळे तयार झाले, कारण तिथे कावळे घाण करतात म्हणून तसंही कुणी गाडी लावत नाही.

ब्लॉक उचलले तेव्हा खालची माती निळसर राखाडी होती आणि तिला सडक्या अंड्याचा वास येत होता. हवा मिळाली नाही की तिथे गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य येतं, हा त्यांचा वास. कच खरवडून काढला, पिंजऱ्यातलं खत पसरलं, वर वीतभर पानं. पहिल्या पावसानंतर पानांखाली वाणी, म्हणजे ते असंख्य पायांचे, वेटोळं करून बसणारे किडे, दिसायला लागले, गोगलगायी आल्या, एका कोपऱ्यात भूछत्रं उगवली. त्याच आठवड्यात तळमजल्याच्या एका फ्लॅटमधून सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली: बाथरूममध्ये दोन वाणी सापडले, ताबडतोब फवारणी करा. खाली सतरा जणांचे अंगठे. मी पेस्ट कंट्रोलवाल्याला गाठून कंपाउंडची कडा तेवढी या महिन्यात सोडायला सांगितली आहे. पुढच्या महिन्याचं कमिटी ठरवणार, आणि कमिटीत त्या फ्लॅटवाले काका आहेत.